सावडीचे रविवार

प्रबंधाची पाच प्रकरणं मी दोन वर्षांत लिहिली आणि सहाव्या प्रकरणापुढं चार वर्षं नुसती बसून काढली. खोटं कशाला बोलू, बसलेही नाही. बसायचं सोडून बाकी सगळं केलं. कीबोर्डच्या फटींतली धूळ कान कोरायच्या काडीनं काढली. चार रंगांच्या स्केचपेनांनी वेळापत्रक आखलं, भिंतीवर लावलं, ते तिरकं दिसतंय म्हणून दुसरं आखलं. टेबलावर नवा दिवा आणला, तर त्याच्या उजेडात टेबल जुनाट दिसायला लागलं, म्हणून टेबलाला पॉलिश करून घेतलं. कॉम्प्युटरवर एक फाईल होती, तिचं नाव 'प्रकरण सहा शेवटचं'. तिच्या खाली दुसरी, 'प्रकरण सहा खरंच शेवटचं'. दोन्हींत मिळून एकच ओळ होती: आमच्या गावातील पाणवठे.

मी वडगावच्या एका शाळेत इतिहास शिकवते आणि तिथंच फ्लॅटमध्ये राहते. माझं गाव तिथून स्कूटीवर वीस मिनिटांवर. आई अजून गावात, आमच्या बौद्ध वस्तीतल्या घरी भावाकडं असते. माझा विषय होता मावळातले पाणवठे. कुठल्या गावात कुठल्या विहिरीवर कोण पाणी भरायचं, कोण लांब उभं राहायचं, कुणाची वेगळी विहीर होती आणि ती कधी आटायची, एवढंच. आमच्याकडं पावसाळ्यात चार महिने छत्री मिटत नाही आणि चैत्रात बायका हंडा घेऊन मैलभर चालायच्या. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर पटत नाही.

पाच प्रकरणं दुसऱ्यांच्या गावांची होती. ती धडाधड लिहिली. सहावं माझ्या गावाचं होतं, आणि त्यात माझी आई होती.

माझे मार्गदर्शक सर देवमाणूस. दर महिन्याला फोन करायचे आणि विचारायचे, "बाई, कुठवर आलं?" मी म्हणायची, "शेवटचा हात फिरवतेय, सर." चार वर्षं हात फिरवला तर भिंतसुद्धा झिजते. माझा नवरा जवळच्या नवलाख उंबरे गावातल्या एका कंपनीत आहे. तिथं एक पार्ट उशिरा आला की अख्खी लाईन थांबते आणि वरचे साहेब धावत येतात. तो म्हणायचा, "तुझी लाईन चार वर्षं बंद आहे आणि साहेबही तूच. मग धावायचं कुणी?" मला त्याचा भयंकर राग यायचा, कारण तो बरोबर बोलत असायचा.

शेवटी आषाढात सरांचा फोन आला तेव्हा आवाज वेगळा होता. दोनदा मुदतवाढ मिळालीय, तिसरी मिळणार नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी प्रबंध विद्यापीठात पोचला नाही तर नोंदणी रद्द. सहा वर्षं पाण्यात. मी फोन ठेवला आणि फ्रीज पुसायला घेतला.

त्याच आठवड्यात मावशी आल्या. मावशी म्हणजे नात्यातल्या नव्हेत. आमच्या गावातल्या जुन्या शेतकरी घरातल्या, सत्तरीच्या जवळ आलेल्या. गावाचा अर्धा मळा त्यांचा. तहसील कचेरीत दाखल्यासाठी आल्या होत्या, साहेब जेवायला गेले होते, म्हणून अर्ज भरून घ्यायला माझ्याकडं आल्या. अर्ज लिहून झाला. त्यांनी टेबलावरच्या कागदांच्या गठ्ठ्याकडं बघितलं आणि वरच्या कागदावर बोट फिरवून बोटाची धूळ मला दाखवली.

"हे काय म्हनायचं?"

मी सांगितलं. मोठ्या परीक्षेचं पुस्तक आहे, एक प्रकरण राहिलंय, दिवाळीच्या आत द्यायचंय.

"मंग अडलंय कुटं?"

"वेळ मिळत नाही, मावशी."

"येळ हाय. फ्रीज बग कसा लखलखतोय."

मी तोंड वाकडं केलं. त्या मात्र आपल्याच विचारात होत्या. त्यांचा एक मुलगा कंपनीत, दुसरा लोणावळ्यात पर्यटकांचा बंगला सांभाळतो. शनिवार-रविवार तर त्याची मान वर होत नाही. सुना नोकरीवर. भाताची लावणी तोंडावर आली होती आणि खाचरात उतरायला माणूस नव्हतं. मजुरी कितीही द्या, बायका कंपनीच्या गाडीत बसून जातात.

"तुजं काम एकटीनं व्हत न्हाई, माजं बी व्हत न्हाई," त्या म्हणाल्या. "सावड करू. एक रईवार तू माज्या खाचरात ये, एक रईवार मी तुज्याकडं येऊन बसते."

सावड म्हणजे आज तुमच्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तुम्ही. दिवसाला दिवस फेडायचा, पैशाचा संबंध नाही. भाताच्या कामाला आमच्या मावळात पूर्वीपासून सावड चालते, आणि दिलेला दिवस कुणी बुडवत नाही.

"तुम्ही बसून काय करणार?" मी विचारलं.

"तू लिवतीस का बगनार."

मी हसले आणि हो म्हणाले. मला वाटलं, म्हातारी विसरून जाईल.

पहिल्या रविवारी सकाळी सातला मावशींचा फोन. गेले. लहानपणी आई कामाला जाताना मला बांधावर पुस्तक घेऊन बसवायची, चिखलात उतरू द्यायची नाही. त्यामुळं पन्नाशीला आलेली मी रोपाची मूठ कशी धरायची हे नव्यानं शिकले. तासाभरात कंबर म्हणाली, मी चालले. मावशी पुढं भराभर लावत चालल्या होत्या आणि मागं न बघता बोलत होत्या, "तुजी वळ सापावानी गेली. जाऊ दे, भाताला कळत न्हाई." संध्याकाळी घरी आले तेव्हा जिना चढताना नवऱ्यानं हात धरला. त्याला हसू आवरत नव्हतं.

पुढच्या रविवारी बरोबर नऊला मावशी वडगावला माझ्या दारात. पिशवीत सूप आणि चार शेर तांदूळ. टेबलाशेजारी खाली बसल्या, सूप मांडीवर घेतलं आणि खडे निवडायला लागल्या. मी कॉम्प्युटर उघडला. पाच मिनिटांनी उठले.

"कुटं?"

"पाणी प्यायला."

"तांब्या हितंच हाय."

आणखी दहा मिनिटांनी मोबाईल हातात घेतला. त्यांनी नुसतं माझ्याकडं बघितलं. मी मोबाईल ठेवला. शाळेत पोरांकडं मी असंच बघते आणि पोरं अशीच वही उघडतात. अकरा वाजेपर्यंत मला पळायची एकही वाट उरली नाही, मग नाइलाजानं लिहायला लागले. सुपातला कमी होत जाणारा तांदूळ, मधूनच पाखडल्याचा आवाज, आणि माझी बोटं. संध्याकाळी पाचला चार पानं झाली होती. चार वर्षांत एक ओळ आणि एका दिवसात चार पानं. मला रडू आलं. मावशींनी निवडलेला तांदूळ पिशवीत भरला आणि म्हणाल्या, "माजा दीस फिटला."

त्या चार पानांत मी नदीवरचा डोह लिहिला होता. त्यानंतर खाचरातला माझा रविवार झाला, मग परत त्यांचा. त्या दिवशी डोंगरातला झरा लिहिला, आमच्या वस्तीची विहीर लिहिली, ती चैत्रात कशी आटायची ते लिहिलं. आता पुढं एकच पाणवठा राहिला होता. मळ्यातली विहीर. आमची आटली की आमच्या बायका तिथं जायच्या. विहिरीला हात लावायचा नाही. लांब हंडा ठेवून उभं राहायचं, मालकाच्या घरातल्या बाईला सवड झाली की ती यायची आणि उंचावरून पाणी ओतायची. भांड्याला भांडं लागू द्यायचं नाही. हे सगळं आईनं मला टेपवर सांगितलं होतं, सहा वर्षांपूर्वी, अगदी पहिल्यांदा. सगळ्यात आधी मिळालेली माहिती आणि सगळ्यात शेवटी राहिलेली.

ती विहीर मावशींच्या घरची.

तेव्हा कुठं मला कळलं की मी चार वर्षं फ्रीज का पुसत होते. आईचं सांगणं लिहिलं तर ते गावात छापील होऊन फिरणार. नाही लिहिलं तर आई जन्मभर त्या विहिरीवर उभीच. आता तर ते मावशींच्या समोर बसून लिहायचं होतं, त्यांनी निवडलेल्या तांदळाचा भात खाऊन.

पुढचा रविवार माझा, खाचरात जायचा. बेणणी होती, म्हणजे भातातलं तण काढायचं. बाहेर पाऊस कोसळत होता. मी स्वतःला सांगितलं, कंबर दुखतेय. वडगावच्या नाक्यावरून एक कामाची बाई ठरवली, तिला मजुरी दिली, मावशींच्या शेताचा पत्ता दिला आणि पाठवून दिलं. मनात म्हटलं, काम झाल्याशी मतलब. त्यांचं तण निघेल आणि माझा एक दिवस वाचेल. त्या वाचलेल्या दिवसात मी कपाट लावलं.

दुपारी बारा वाजता ती बाई परत आली. तिला चहा-भाकरी मिळाली होती, काम मिळालं नव्हतं. "त्या आजी म्हनल्या, ज्याचा दीस त्यानंच यावं," एवढं सांगून ती गेली.

मी चिडले. एवढ्या पावसात माणूस पाठवलं त्याचं काही नाही. स्कूटी काढली आणि तडक गावाला गेले, पण मावशींकडं जायचं धाडस होईना म्हणून आधी आईकडं वळले. आईला सगळं कळलं होतं. आमच्या गावात बातमीला यायला बस लागत नाही.

आई पंचाहत्तरीची. आवाज कधी चढवत नाही. तिनं मला टॉवेल दिला, मी डोकं पुसल्यावर म्हणाली, "मी त्या मळ्यात किती वरसं कामाला गेली ठावं हाय?"

"हो."

"मजुरीनं गेली. तुजी आजी बी मजुरीनंच गेली. त्यांची त्यांची सावड चालायची, आमी बांदावरनं बगायचो. आमाला कुनी कदी सावड म्हनलं न्हाई. सावड बराबरीच्या मानसाची आसती." मग म्हणाली, "आपल्या घरात तुला पयल्यांदा कुनी सावड म्हनलं. आन् तू तितं मजूर धाडलास?"

मी सहा वर्षं पाणवठ्यांवर अभ्यास करत होते. कुणाला काय शिवू दिलं, काय नाही, याचे तक्ते केले होते. आणि माझ्या आईला जे साठ वर्षांत मिळालं नाही ते माझ्या हातात आलं, तर मी ते नाक्यावरच्या बाईला देऊन मोकळी झाले. टॉवेल तिथंच टाकला आणि मळ्याकडं निघाले.

मावशी प्लास्टिकचा कागद डोक्यावर घेऊन एकट्याच तण काढत होत्या. मी बाजूच्या ओळीत उतरले. अर्धी ओळ झाली. मग त्या म्हणाल्या, "मी बी तुज्याकडं बसाय मजूर धाडला तर चालंल का?"

"नाही चालणार, मावशी. चुकलं माझं."

"अर्धा दीस धरत न्हाई मी."

"उरलेला शनिवारी भरते." आणि भरला.

त्यानंतरच्या रविवारी त्या आल्या, सूप घेऊन बसल्या. मी टेबलाशी बसले, पण बोट उचलेना. अर्धा तास झाला. सुपाचा आवाज थांबला.

"आज गाडी का थांबली?"

मी म्हटलं, "मावशी, आता तुमच्या विहिरीचं आलंय. आईनं सांगितलेलं लिहायचंय."

"मंग वाच की काय सांगितलंय ते."

मी टेपवरून उतरवलेलं वाचलं. हंडा लांब ठेवायचा, तासतासभर उन्हात उभं राहायचं, उंचावरून पडलेलं अर्धं पाणी मातीत जायचं, पदर भिजायचा. मालकीण तोंड फिरवून ओतायची. सगळं वाचलं आणि त्यांच्याकडं न बघता बसून राहिले.

मावशींनी सुपातला एक खडा उचलला, बाजूला ठेवला.

"त्या माज्या सासूबाई," त्या म्हणाल्या. "त्यांची कंबर धरली, तवापसनं मी वताय लागली. नवी सून व्हते. दोन उनाळं मी वतलं. मी बी वरनंच वतलं."

मला वाटलं आता त्या म्हणतील, सासूच्या धाकानं. तसं म्हणाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"सासू बगत व्हती म्हनून न्हाई," त्या म्हणाल्या. "सासू परगावी गेलती तवा बी वरनंच वतलं. आसंच करायचं आसतं, आसं वाटायचं. कदी इचारच केला न्हाई. हे बी लिव. तुज्या आईचं लिवशील आन् माजं सोडशील तर ते आर्धंच व्हईल."

मला राग आला. खरंच आला. माझ्या आईच्या भिजलेल्या पदराचा राग, तो कुठं जाणार. पण राग आलेला असतानाच मला हेही कळत होतं की ही बाई माझ्या घरात जमिनीवर बसून, कुणी न विचारता, स्वतःविरुद्ध साक्ष देतेय. पाच गावांत मी शंभर माणसांना भेटले. उभं राहणाऱ्या बायका बोलल्या. ओतणाऱ्या घरांतून सगळ्यांनी सांगितलं, "आमच्या गावात तसलं काही नव्हतं." मी ओतलं, असं म्हणणारं पहिलं माणूस माझ्याशेजारी तांदूळ निवडत होतं.

मी लिहायला लागले. त्या दिवशी माझी कुणी राखण करायची गरज पडली नाही.

खाचरातलं काम संपलं होतं, तरी मावशी आणखी एक रविवार येऊन बसल्या, आणि दसऱ्यापर्यंत प्रकरण पुरं झालं. प्रिंट काढली आणि विद्यापीठात द्यायच्या आदल्या दिवशी दुपारी आईला वाचून दाखवायला गावाला गेले. आई भिंतीला टेकून ऐकत होती. मावशींचं सांगणं आलं तेव्हा तिनं पाय जवळ घेतले. वाचून झाल्यावर म्हणाली, "ह्यात एक चुकलंय."

उद्या सकाळी द्यायचं होतं.

"ती वरनं वतायची हे खरं," आई म्हणाली. "पन सासू तोंड फिरवून वतायची. ही बगून वतायची. हंडा गळ्यापत्तुर भरला का न्हाई ते बगायची. कमी पडलं तर परत शेंदायची. तिला ठावं नसंल, पन मला ठावं हाय. ते घाल."

"आई, प्रिंट निघालीय गं."

"चार वरसं थांबलीस, आनखी एक पान थांब."

तिथून निघाले, वडगावला झेरॉक्सच्या दुकानात बसून ते वाक्य घातलं आणि शेवटचं पान नव्यानं काढलं. आईच्या शब्दांत घातलं, एक अक्षर सुधारलं नाही. माझा सगळा प्रबंध त्या वाक्यावर संपतो. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या खिडकीतल्या माणसानं गठ्ठा घेतला, शिक्का मारला आणि पोचपावती दिली. सरांना फोन केला तर ते एवढंच म्हणाले, "हात फिरवून झाला का, बाई?" मी रस्त्यात उभी राहून हसले.

या कामासाठी मी ज्यांचे आभार मानायचे त्यांची यादी प्रबंधात आहे. सर आहेत, नवरा आहे, ग्रंथालय आहे. मावशींचं नाव नाही, कारण त्यांनी तसं सांगितलं होतं. 'सावडीला आलेल्या एका बाईंचे' एवढंच लिहिलंय. ते फार कमी आहे हे मला माहीत आहे. त्यांनी मला लिहायला बसवलं, हा उपकार मोठाच. पण बसल्यावर काय लिहायचं याची भीती त्यांनी काढली, तीही स्वतःच्या अब्रूवर घेऊन. त्याचं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही.

दिवाळी झाली आणि मावशींचा फोन आला. "रईवारी कापनी हाय. तुज्यावर एक दीस हाय."

मी आईला सांगायला गेले, तर ती म्हणाली, "मी बी येते."

"तू? या वयात विळा धरणार?"

"पेंड्या बांदीन बसून. तिला आदी इचार, सावड हाय का मजुरी."

मी तिच्यासमोरच फोन लावला आणि विचारलं. पलीकडून मावशी म्हणाल्या, "हे काय इचारनं झालं? सावड."

मी आईला सांगितलं. आईनं मान हलवली.

"मंग तिला म्हनाव, माजा दीस तिनं माज्या घरी येऊन फेडायचा. काम काय बी न्हाई. नुसतं येऊन बसायचं."

अर्ध्या मैलावरची दोन घरं. पन्नास वर्षं एकमेकींना बघत आल्या, पण मावशी आमच्या वस्तीत कधी कुणाच्या घरात बसल्या नव्हत्या. मी आईचा निरोप फोनमध्ये जसाच्या तसा सांगितला. पलीकडं सूप खाली ठेवल्याचा आवाज आला.

मग मावशींनी विचारलं, "किती वाजता येऊ?"

आईला ते ऐकू गेलं होतं. ती म्हणाली, "सकाळीच ये म्हनाव. च्या माज्याकडंच घे."